१२ वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरला कोणता स्पीकर लावावा?

थेट उत्तर आधी देतो. तुमच्यासमोरच्या तीन स्पीकरपैकी बंद खोक्याचा जुना टू-वे, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे कोन असलेला, घ्या. का ते सांगताना थोडं गणित येईल. ते जमेल तितकं सोपं ठेवतो.

तुम्ही विचारलंय ते असं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ११ बाय १४ फुटांचा हॉल. ईएल८४ व्हॉल्व्हच्या जोड्यांवर चालणारा, दर चॅनलला १२ वॅट देणारा पुश-पुल अँप्लिफायर. ऐकणं मुख्यतः ख्याल, ठुमरी आणि जुनं नाट्यसंगीत. पर्याय तीन: दुकानातला नवा उंच टॉवर, ४ ओहम, ८६ डीबी, वापरलेला बंद खोक्याचा टू-वे, ८ ओहम, ८७ डीबी, आणि ओळखीच्या सुताराकडून खोका करून घेऊन त्यात बसवायचा आठ इंची फुल-रेंज ड्रायव्हर (सगळे सूर एकट्याने वाजवणारा कोन), ९४ डीबी. दुकानदार म्हणतो, "शंभर वॅटच्या स्पीकरला निदान पन्नास वॅट तरी पाहिजेत." तुमचे मित्र म्हणतात, व्हॉल्व्हला ९४ डीबीच्या खालचं काही लावूच नये. दोघांच्याही सांगण्यात तथ्य थोडंच आहे.

दुकानदाराचं म्हणणं दोन मिनिटांत बाजूला ठेवता येतं. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले १०० वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती सोसेल त्याची मर्यादा. तेवढे त्याला द्यायलाच हवेत, असा त्याचा अर्थ नाही. आवाज किती होईल ते सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावर ठरतं, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावर. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात, दहापट केले की १० डीबी. १२ वॅटला जवळपास ११ डीबी. म्हणजे ८७ डीबीचा स्पीकर एक मीटरवर ९८पर्यंत जाईल. दोन स्पीकर मिळून ३ डीबीची भर पडेल आणि तुम्ही आठ-नऊ फुटांवर बसलात तर बंद खोलीत पाच-सहा डीबी उतरतील. बैठकीच्या जागी शिखरं साधारण ९५ डीबीची. चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याच्या चाटेची शिखरं सरासरीच्या पंधरा-एक डीबी वर असतात, तेव्हा सरासरी ८० डीबी मिळाले. समोरासमोरचं साधं बोलणं ६०च्या आसपास असतं. फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर ८० डीबीने मल्लिकार्जुन मन्सूर लावून बघा, बेल वाजवायला कोणीतरी येईलच.

आता टॉवरचे ८६ डीबी. इथे एक खोच आहे. हा आकडा बहुतेक वेळा एका वॅटला दिलेला नसतो, २.८३ व्होल्टला दिलेला असतो. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, पण ४ ओहमवर तेच दोन वॅट होतात. म्हणजे टॉवरची खरी सेन्सिटिव्हिटी एका वॅटला ८३. तरीही तुमच्या हॉलमध्ये तो ९१ डीबीची शिखरं गाठेल, आणि हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला ते पुरतं. वॅटच्या मुद्द्यावर मी त्याला बाद करणार नाही. तो बाद होतो इम्पीडन्सवर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना स्पीकर विजेला जो रोध करतो त्यावर.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. व्हॉल्व्हला स्पीकर जोडताना सेन्सिटिव्हिटीच्या आधी इम्पीडन्सचा आलेख बघा.

'८ ओहम' हा एकच आकडा लिहिलेला असला तरी कोणताही स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. बंद खोक्यात खर्जाकडे एक उंचवटा येतो, पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या खोक्यात दोन. टू-वेमध्ये बहुधा क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे सूर एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातात तिथे, १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणखी एक. मधे दऱ्या. आजच्या टॉवरचा आलेख बहुतेकदा असा दिसतो: १००-२०० हर्ट्झला ३ ते ४ ओहमची दरी, खर्जात २५-३० ओहमची दोन शिखरं. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरला याची फिकीर नसते, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स एका ओहमचा दहावा भागसुद्धा नसतो. व्हॉल्व्हचा तसा नाही. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन चूक सुधारणं) असलेल्या पुश-पुलमध्ये तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि फीडबॅक नसलेल्या, ३००बी व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड (जोडीऐवजी एकट्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) अँप्लिफायरमध्ये दोन-तीन ओहम सहज. हा इम्पीडन्स आणि स्पीकर एकाच माळेत येतात आणि व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. जिथे स्पीकर ४ ओहम आहे तिथे २ ओहमचा अँप्लिफायर साडेतीन डीबी गिळतो. जिथे स्पीकर ३० ओहम आहे तिथे जेमतेम अर्धा. दोन जागांतला फरक ३ डीबी. टोन कंट्रोल नुसता लावून ठेवलाय आणि बंद करायची सोय नाही, असा तो प्रकार होतो. अँप्लिफायर १ ओहमचा निघाला तरी पावणेदोन डीबीच्या जवळ फरक राहतो, आणि पट्टा रुंद असेल तर तो कानाला कळतो.

हे आपल्या संगीतात कुठे ऐकू येतं? सगळ्यात आधी डग्ग्यात. खर्जातला उंचवटा नेमका डग्ग्याच्या आसेच्या वाटेत येतो. घिस्सा घेतल्यावर सूर वर सरकतो तेव्हा मधलाच एखादा टप्पा फुगतो, बाकीचे बसतात. त्यात डॅम्पिंगही कमी. कोन हलून थांबायला हवा तिथे थोडा जास्त हलत राहतो. नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्यानंतरच्या दशकात खोक्याचं गणित बसवलं, त्यात अँप्लिफायरचा इम्पीडन्स जवळपास शून्य धरला की ड्रायव्हरचा विद्युत क्यू (कोन कितपत आवरला जातो त्याचा आकडा) जो येतो तो छापलेला असतो. ६ ओहमच्या कॉइलपुढे २ ओहमचा अँप्लिफायर आला की तोच क्यू एक तृतीयांशाने वाढतो. पोर्टवाला खोका ज्या आकड्यावर कापला तो आकडाच बदलला. मग बास 'भरदार' वाटतो, पहिले दोन दिवस आवडतोही. नंतर प्रत्येक तबलजीचा डग्गा एकाच सुरात बोलतोय असं जाणवायला लागतं.

दुसरी जागा गळ्याची. क्रॉसओव्हरजवळच्या उंचवट्यामुळे दीड-दोन किलोहर्ट्झचा पट्टा वर येतो, गायक दोन पावलं पुढे आल्यासारखा भासतो. 'व्हॉल्व्हचा आवाज किती जिवंत' असं जे कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा या उंचवट्याचा असतो, असं माझं मत आहे. तानपुऱ्याची जवारीही त्यात खुलते. वाईट आहे का? नाही, मला स्वतःला कधी कधी आवडतं. पण ती चव कुठून आली ते माहीत असावं, नाहीतर माणूस व्हॉल्व्हचे ब्रँड बदलत बसतो.

मित्रांच्या '९४ डीबी'च्या नियमाला सगळ्यात मोठं उत्तर आहे बीबीसीचा एलएस३/५ए. १९७०च्या दशकात प्रक्षेपण व्हॅनमध्ये मावावा म्हणून केलेला, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा स्पीकर. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डीबी. नियमाप्रमाणे व्हॉल्व्हपुढे तो उभाच राहायला नको. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं जगभर लोक त्याला छोट्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर प्रेमाने ऐकतात. कारण तो मूळचा १५ ओहमचा, बंद खोक्याचा. १५ ओहमपुढे अँप्लिफायरचा एक-दोन ओहम किरकोळ ठरतो.

उलट उदाहरणही आहे. पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७मध्ये आला, तोही व्हॉल्व्हच्या जमान्यात, १५ वॅटच्या क्वाड टू अँप्लिफायरच्या जोडीने. त्याचा इम्पीडन्स तीव्र सुरांकडे घसरत दोन ओहमच्याही खाली जातो. क्वाड टूला फीडबॅक आहे म्हणून ते निभतं. तोच स्पीकर फीडबॅक नसलेल्या अँप्लिफायरवर लावला की वरचे सूर मावळतात. दोघांचं जमतं की नाही, ते जोडीवर ठरतं, एकट्याच्या गुणांवर नाही.

हा घोळ झाला कसा, तेही थोडक्यात. व्हॉल्व्हच्या काळात स्पीकर १५-१६ ओहमचे असत, खोके मोठे असत. १९५४मध्ये एडगर व्हिलचर यांच्या एआर-१ने हवाबंद लहान खोक्यातून खोल बास काढून दाखवला, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजावी लागली. केएलएच या कंपनीच्या नावातले 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: लहान खोका, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, यांतल्या कुठल्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पुढे १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, आणि स्पीकर बनवणाऱ्यांनी ८, मग ६, मग ४ ओहमपर्यंत उतरायला संकोच केला नाही. आजचा टॉवर ट्रान्झिस्टर गृहीत धरूनच बनतो. त्यात त्याचा दोष काही नाही.

आता फुल-रेंज. एकच ड्रायव्हर, मधे क्रॉसओव्हर नाही, ९४ डीबी. तुमचा १२ वॅट त्यावर घर दणाणून सोडेल. पण तुमच्या ऐकण्याला तो मी देणार नाही. कागदी आठ इंची कोन २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये हमखास ओरडतो, आणि जुन्या तबकड्यांची खरखर तिथेच ठाण मांडून असते. बालगंधर्वांचं एखादं पद लावा, गळ्याच्या आधी तबकडी ऐकू येईल. शिवाय एका ड्रायव्हरचा इम्पीडन्स कॉइलच्या इंडक्टन्समुळे तीव्र सुरांकडे वाढत जातो, म्हणजे व्हॉल्व्हवर तोच ओरडा अजून चढतो. करायचाच असेल तर ड्रायव्हरला समांतर एक रेझिस्टर आणि कपॅसिटरची माळ लावा. कॉइलचा डीसी रोध ६ ओहम आणि इंडक्टन्स ०.६ मिलिहेन्री असेल तर साधारण साडेसात ओहम आणि ११ मायक्रोफॅरड. कपॅसिटर फिल्मचा, ध्रुव नसलेला. याने आलेख वरच्या टोकाला सपाट होतो. कोनाचा स्वतःचा स्वभाव मात्र तसाच राहतो.

तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, हे घरी मोजता येतं. ८.२ ओहमचे १० वॅटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा. बरोबर ८चा सहसा मिळत नाही. मोबाइलमध्ये टोन जनरेटरचं अॅप घ्या. २०० हर्ट्झचा सूर लावा, ५० आणि १०० टाळा, कारण तिथे मेन्सचा हम मोजणीत शिरतो. स्पीकर काढून आधी एक रेझिस्टर जोडा आणि मल्टिमीटरवर एसी २ व्होल्ट दिसतील इतका आवाज ठेवा. अँप्लिफायर बंद करा, दोन्ही रेझिस्टर एकापुढे एक जोडा, आवाजाच्या बटणाला हात न लावता पुन्हा सुरू करून मोजा. व्होल्टेज २.०५पर्यंतच गेलं तर तुमचा अँप्लिफायर अर्ध्या ओहमच्या आत आहे, जवळपास काहीही चालवेल. २.२२ दाखवलं तर २ ओहम. मधलं काही असेल तर अंदाज त्याच प्रमाणात करा.

स्पीकरचा आलेखही त्याच रेझिस्टरने निघतो. रेझिस्टर आणि स्पीकर एका माळेत, मग प्रत्येक सुराला दोघांवरचे व्होल्टेज मोजायचे. स्पीकरवरचं भागिले रेझिस्टरवरचं, गुणिले ८.२, झाला त्या सुराचा इम्पीडन्स. स्वस्त मल्टिमीटर किलोहर्ट्झच्या वर चुकतो खरा, पण दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात चुकतात, म्हणून भागाकार बराचसा बरोबर येतो. २० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत पंचवीस-तीस ठिकाणी मोजून चौकटीच्या कागदावर रेघ काढली की स्पीकरची सगळी पत्रिका समोर येते. दुकानात एवढं करता येत नाही. तिथे निदान डीसी रोध बघा. खरा ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो. पाठीवर ८ लिहून मीटर साडेतीन दाखवत असेल तर तो ४ ओहमचाच आहे, लेबल काही म्हणो.

एक सक्त सूचना. व्हॉल्व्ह अँप्लिफायर भाराशिवाय चालवू नका. रेझिस्टर किंवा स्पीकर बदलायचा तर आधी बंद करा. ट्रान्झिस्टरला आउटपुटचं शॉर्ट भोवतं, उघडी टोकं चालतात. व्हॉल्व्हचं उलटं आहे: टोकं उघडी असताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलतं व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फाटू शकतं. चांगला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. आणि झाकण काढू नका. ईएल८४च्या प्लेटवर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

मागे ४, ८ आणि १६ असे टॅप (वेगवेगळ्या ओहमच्या स्पीकरसाठीची टोकं) असतील तर त्यांचा वापर बहुतेक लोक आकडा जुळवण्यापुरता करतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे सायकलचा गिअर. व्हॉल्व्हला किती जड पायडल मारावं लागेल ते टॅप ठरवतो. स्पीकरवर लिहिलेला आकडा बघू नका, आलेखातली सगळ्यात खोल दरी बघा. दरी साडेतीनला असेल तर ४चा टॅप, भले लेबल ६ म्हणो. त्याहून कामाची युक्ती म्हणजे ८ ओहमचा टू-वे मुद्दाम ४च्या टॅपवर लावून ऐकणं. कमाल वॅट निम्म्यावर येतात, आवाज ३ डीबी उतरतो, पण अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्सही निम्मा होतो आणि व्हॉल्व्हवरचा भार हलका होतो. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या संगीताला, मी हीच जोडणी आधी ऐकेन. डग्गा लगेच मोकळा बोलतो. उलटं, म्हणजे ४ ओहमचा टॉवर १६च्या टॅपवर, कधीच नको: व्हॉल्व्ह तापतील आणि विकृती वाढेल.

खोलीबद्दल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी असते, ती खर्ज बराच शोषून घेते. तिथे पोर्टवाला मोठा स्पीकरही शहाण्यासारखा वागतो. तुमच्या हॉलला काँक्रीटच्या भिंती, खाली टाइल्स, एका बाजूला काचेचं सरकतं दार. इथे खर्जाला जायला जागा नाही. व्हॉल्व्हने आधीच तो थोडा फुगवलेला, त्यात स्पीकर कोपऱ्यात ढकलला की घूम ठरलेली. भिंतीपासून दोन फूट पुढे आणा, कान आणि ट्वीटर एका उंचीवर येईल असा स्टँड करा, खाली सतरंजी अंथरा. बंद खोका घ्या म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. त्याचा खर्ज हळूहळू उतरतो, आणि भिंती तो थोडा भरून काढतात.

केबलवर पैसे घालवू नका. पाच मीटर लांबीची, घरातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर जाऊन-येऊन एका ओहमचा दहावा भाग जेमतेम भरते. अँप्लिफायरच्या स्वतःच्या एक-दोन ओहमपुढे ती हिशेबातच येत नाही.

ते पैसे मेन्सकडे वळवा. अँप्लिफायर युरोपातला जुना असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टला गुंडाळलेला असण्याची शक्यता मोठी. तुमच्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २४५पर्यंत चढत असेल तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटवर ७ व्होल्ट येतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या सवलतीच्याही बाहेर. व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. २४० किंवा २५०चा टॅप असेल तर वायर तिथे हलवून घ्या. ते काम जाणकाराकडून.

टू-वेची जोडी वापरलेली आहे, म्हणून पैसे देण्याआधी जाळी काढून बघा. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर बोटाने हळूच दाबा. भुगा पडला तर री-फोमिंगचा खर्च किमतीतून वळता करा. रबराची असेल तर बहुधा काळजी नाही. दोन्ही ट्वीटर वाजतात का ते एकेक कान लावून ऐका. क्रॉसओव्हरमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले निघाले तर दोन्ही खोक्यांत एकदमच बदला, नाहीतर डावं-उजवं जुळणार नाही. आणि विकणारा हो म्हणाला तर अँप्लिफायर त्याच्या घरी नेऊ नका, स्पीकर तुमच्या हॉलमध्ये दोन दिवस आणा. पहिल्या रात्री ८च्या टॅपवर ऐका, दुसऱ्या रात्री ४च्या. विलंबित एकताल, किशोरीताईंचं काहीही.